गुडघेसाहेब

आमच्या कंपनीत साहेबांचं पेन खाली पडलं की ऑफिसातलं काम थांबायचं. साहेब आधी पेनाकडे बघायचे. मग अगदी त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे, दोन पावलांत खांद्याएवढं अंतर घ्यायचे, एक पाऊल किंचित पुढे सरकवायचे, श्वास भरायचे आणि पाठ खांबासारखी ताठ ठेवून सावकाश गुडघ्यांतून खाली उतरायचे. पेन छातीशी धरून तसेच वर यायचे. वर आल्यावर श्वास सोडायचे आणि कोणी बघितलं की नाही याची खात्री करून घ्यायचे. तोवर त्यांच्या टेबलावरचा फोन वाजून वाजून गप्प झालेला असायचा.

पेन माझं पडलं आणि मी आपली सरळ वाकून उचलायला गेले, तर केबिनच्या काचेआडून आरोळी ठरलेली. "मॅडम, गुडघे!"

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाची भुकटी बनवणारी आमची कंपनी. मी स्टोअर सांभाळायची आणि ते सेफ्टी ऑफिसर. त्यांना आईवडिलांनी दिलेलं चांगलं लांबलचक नाव होतं, पण गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळे त्यांना गुडघेसाहेबच म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे गुडघेसाहेब. त्यांना ते माहीत होतं आणि राग येण्याऐवजी ते खूश व्हायचे. "अक्कल गुडघ्यात आहे म्हणतात ना माझी? अगदी बरोबर जागी आहे," असं म्हणून स्वतःच हसायचे. त्या माणसाला चिडवायचं कसं, हा आमच्या स्टोअरचा कायमचा प्रश्न होता.

आमच्याकडे ट्रक भरभरून गोण्या यायच्या. पन्नास किलोची एक गोणी. ट्रकच्या फाळक्यावरून उतरवायची, पाठीवर घ्यायची, गोदामात न्यायची, थप्पी लावायची. हे काम ठेकेदाराची लोडिंगवाली माणसं करायची आणि कंबर त्यांचीच दुखायची. त्यावर कंपनीने उपाय काढला होता, तो म्हणजे साहेब. दर सोमवारी सकाळी लोडिंगवाल्यांना रांगेत उभं करून साहेब पाठीचं प्रशिक्षण देत. त्यासाठी त्यांच्याकडे दोन वस्तू होत्या. एक खोका आणि एक कणा.

खोका त्यांच्या घरच्या टीव्हीचा होता. त्याला त्यांनी पिवळे-काळे पट्टे मारले होते आणि वर मोठ्या अक्षरांत 'भार' असं लिहिलं होतं. आत काहीही नव्हतं. हा खोका जमिनीवर ठेवून ते तो इतक्या देखण्या रीतीने उचलत की बघत राहावं. एकदा एकाने विचारलं, "साहेब, यात एक गोणी टाकून दाखवा ना." साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आधी पद्धत, मग वजन. पद्धत अंगात मुरली की वजन जाणवतच नाही." त्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. मी कंपनीत होते तेवढ्या सगळ्या वर्षांत त्यांना वजन म्हणून कधी जाणवलंच नव्हतं.

कणा प्लास्टिकचा होता. माणसाच्या पाठीचा कणा, स्टँडवर लटकवलेला. त्यातली खालची एक चकती कधीतरी हरवली होती, म्हणून साहेबांनी तिच्या जागी कॅरमची सोंगटी बसवली होती. चुकीच्या पद्धतीने वाकलं की काय होतं हे दाखवताना ते कणा वाकवत, सोंगटी टुणकन उडून जमिनीवर घरंगळत जाई आणि रांगेतला शेवटचा माणूस ती आणून देई. त्यामुळे आमच्याकडे कोणाची कंबर धरली की 'कंबर धरली' असं कोणी म्हणायचंच नाही. "आज तो नाय येणार, त्याची सोंगटी सरकली," असा निरोप यायचा.

सोंगटी उडाली की साहेब दर सोमवारी तीच गोष्ट सांगत. "माझे वडील. उल्हासनगरच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचे. कष्टाळू माणूस, पण अडाणी. कमरेतून वाकायचे. किती वेळा सांगितलं, बाबा, गुडघ्यांतून वाका. ऐकलं नाही. शेवटची कित्येक वर्षं जमिनीकडे बघतच चालत होते." मग ते वडील कसे चालायचे ते करून दाखवत. माणसं हसत. साहेबही हसत. मला ते हसणं आवडायचं नाही, पण दर सोमवारी सकाळी कोणाशी वाद घालायचा?

पट्ट्यांचीही एक कथाच आहे. बाहेरच्या देशातले गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार म्हणून सगळ्या लोडिंगवाल्यांना कंबरेचे रुंद काळे पट्टे वाटले होते. एकाच मापाचे. जाड्यांना पुरेनात, काटकुळ्यांच्या भोवती दोनदा फिरत. मे महिन्यात त्यांच्याखाली घामोळं उठलं. गिऱ्हाईक गेल्यावर पट्टे आपापल्या योग्य जागी गेले. एकाने स्कूटरवर गॅसचा सिलिंडर बांधायला घेतला, एकाने गणपतीत ढोल कंबरेला अडकवायला. साहेबांना हे दिसलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ढोल शरीराजवळ धरतोस ना?

मग सकाळचे व्यायाम आले. स्पीकरवर गाणं लावून हात वर, हात खाली. व्यायाम छान होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तेवढा वेळ बाहेर ट्रक थांबलेले असत आणि ड्रायव्हर हॉर्न मारत असत. गेलेला वेळ भरून काढायला ठेकेदार नंतर माणसांना पळवायचा. म्हणजे कंबर वाचवायला घालवलेली मिनिटं कंबरेकडूनच वसूल व्हायची. हे मी एकदा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पळतानाही पाठ सरळ ठेवता येते, मॅडम."

प्रथमोपचाराच्या खोलीत एक कंपाउंडर होता, तोंडाने फटकळ. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, तुमचं ट्रेनिंग चालू व्हायच्या आधी जेवढा बाम लागायचा, तेवढाच आत्ता पण लागतो. फरक एवढाच, की आता माणसं बाम लावता लावता सांगतात, मी गुडघे वाकवले होते."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रशिक्षण पोचलंय!"

हा माणूस कंपनीबाहेरही सुट्टीवर नसायचा. मी उल्हासनगरची. एकदा कापडबाजारात खरेदीला गेले तर समोर गर्दी. बघते तर मधोमध साहेब. डोक्यावर भलामोठा गठ्ठा घेतलेल्या हमालाला त्यांनी भर रस्त्यात थांबवलं होतं आणि मान कशी ठेवावी ते समजावत होते. हमालाच्या मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. गठ्ठा खाली ठेवावा तर परत चढवणार कोण, म्हणून तो बिचारा तसाच उभा राहून ऐकतोय. शेवटी दुकानातून सिंधी शेठ बाहेर आले. "साईं, माल लेना है?"

"नहीं, मैं इसको पद्धत..."

"तो रस्ता छोडो ना, बाबा. आप ज्ञान दे रहे हो, वजन उसके सर पे है."

साहेबांनी मला गर्दीत बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "बघा, सुरक्षेबद्दल समाजात किती अनास्था आहे."

राहायला ते बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावर. जोराचा पाऊस लागून राहिला की उल्हास नदी त्यांच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत यायची. मग खालच्या बिऱ्हाडांतले फ्रिज, वॉशिंग मशीन, धान्याचे डबे वर चढवायची धांदल. एका पावसाळ्यात मी त्यांच्या घरी अडकले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. गुडघाभर पाण्यात शेजारी फ्रिज ढकलत होते आणि साहेब जिन्याच्या वळणावर उभे राहून हातवारे करत होते. "उजवीकडचे, पाय पुढे! कंबर नको, कंबर नको! गुडघे!"

"काका, एक टोक धरा ना जरा," खालून एकजण कळवळून म्हणाला.

"मी टोक धरलं तर तुमच्याकडे बघणार कोण?"

त्यांचा स्वतःचा फ्रिज त्यांच्या बायकोने आणि मी चढवला. वर पोचल्यावर काकू पदराने तोंड पुसत मला म्हणाल्या, "घरातला सिलिंडर पण मीच सरकवते हो. हे सूचना देतात. पण एक आहे, सूचना अगदी मनापासून देतात."

साहेबांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी होता किसन. चिखलोलीकडच्या गावातला, आगरी. भोवती टोलेजंग इमारती उठल्या तरी ह्यांची चार घरांची आळी अजून तशीच होती. किसन अंगाने आडवा, बोलायला कमी आणि साहेबांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकणारा. का ऐकायचा देव जाणे. मला वाटतं, त्याला आपल्या कामालाही एक पद्धत असते, आणि कोणी शिकलेला माणूस ती शिकवायला सकाळी लवकर येतो, ह्याचंच कौतुक असावं. पन्नास किलोच्या गोणीपुढे तो खोक्यापुढे उभं राहिल्यासारखा उभा राहायचा. पावलं बरोबर, पाठ बरोबर, गुडघे बरोबर. साहेब त्याच्याकडे बघताना डोळे भरून बघत.

कंपनीने एका वर्षी 'आदर्श पाठ' असा पुरस्कार काढला. तो अर्थातच किसनला मिळाला. प्लांट हेडच्या हस्ते चौकटीतलं प्रशस्तिपत्र आणि बक्षीस म्हणून तांदळाचं पोतं. पोतं त्याला रिक्षात घालून द्यायचं कोणाला सुचलं नाही. आदर्श पाठ ते पाठीवर टाकून गेटबाहेर चालती झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि एक दिवस त्या किसनचीच सोंगटी सरकली.

तो दुपारी शेवटचा ट्रक उतरवत होता. त्याच्या जोडीचा माणूस पाणी प्यायला गेला होता. परत आला तर किसन फाळक्याला धरून अर्धवट वाकलेला, अंगावरून घाम निथळतोय. त्याला घरी पोचवलं. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. ठेकेदार दुसऱ्या दिवशी नवा माणूस घेऊन गेटवर हजर.

प्लांट हेड हा तरतरीत, टापटीप माणूस. त्याने साहेबांना बोलावलं, मलाही स्टोअरची म्हणून बोलावलं. "बघा सर, ट्रेनिंग झालंय ना त्याचं? त्याची सही आहे ना? म्हणजे आपण आपलं काम केलंय. आता तुम्ही चौकशी करून एवढंच लिहा, की त्याने चुकीच्या पद्धतीने उचललं. विषय क्लोज."

"मग किसनचं काय?" मी विचारलं.

"निष्काळजीपणा असेल तर ठेकेदार गेटपास बंद करणार. आपण त्यात कशाला पडायचं?"

किसनच्या घरात कमावणारा तो एकटा. दोन मुली शाळेत. गेटपास बंद झाला आणि वर 'निष्काळजी' असा शिक्का बसला, तर एमआयडीसीत दुसऱ्या कुठल्या गेटवर त्याला उभं करणार? मला वाटलं साहेब आता भडकतील. साहेब भडकले नाहीत. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "लिहावंच लागेल. माझ्या पद्धतीने उचललं तर कंबर धरतच नाही. धरली, म्हणजे त्याने पद्धत सोडली."

मला त्या क्षणी त्या माणसाची चीड आली. इतकी वर्षं हसले होते, पण तेव्हा चीडच आली.

तरी लिहिण्याआधी त्यांना त्याला विचारायचं होतं. आम्ही दोघं रिक्षाने त्याच्या घरी गेलो. किसन पुढच्या खोलीत चटईवर उताणा पडला होता, पोटऱ्यांखाली उशी. बरोबर डोक्यावर भिंतीला प्रशस्तिपत्र टांगलेलं. 'आदर्श पाठ'. खाली तो, वर ते. बघवत नव्हतं.

साहेब उकिडवे बसले, पद्धतशीर. "किसन, खरं सांग. गुडघे वाकवले होतेस की नाही?"

"वाकवले."

"पाठ सरळ?"

"सरळ."

"मग कंबर धरली कशी?"

किसन छताकडे बघत म्हणाला, "मना काय इचारता साहेब? कंबरंला इचारा."

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता साहेबांकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरान पाण्याची कळशी उचलताना पन हा मानूस पोरींना वराडतो, गुडगं वाकवा म्हनून. आनि तुमी त्यालाच इचारता?"

परतताना रिक्षा स्टेशनजवळ आल्यावर साहेब अचानक म्हणाले, "तो खोटं बोलत नाही, मॅडम. त्याला वाटतंय की त्याने बरोबर केलं. बाबांनाही तसंच वाटायचं." मग म्हणाले, "मी उद्या सिद्ध करून दाखवतो."

"काय?"

"की पद्धत चुकत नाही."

म्हणजे साहेब सिद्ध करायला निघाले होते ते किसनची चूक. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला उगाच वाटेल की ते त्याच्या बाजूने उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गोदामासमोर तसाच भरलेला ट्रक लागला होता. एका बाजूला प्लांट हेड हेल्मेट घालून, एका बाजूला लोडिंगवाले, मी कागद घेऊन. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ते ट्रकपाशी गेले, पावलं जुळवली, श्वास भरला आणि आयुष्यातली पहिली गोणी उचलली. गोणी उचलली गेली! थोडी डुलली, पण छातीशी धरून ते गोदामात गेले आणि थप्पीवर ठेवून आले. लोडिंगवाल्यांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. प्लांट हेडने घड्याळ बघितलं. "वा सर. सिद्ध झालं. मॅडम, लिहून टाका."

इथे दुसरा कोणी असता तर हात झटकून चहाला गेला असता. पण साहेबांचा काटेकोरपणा त्यांच्या जिवावर उठला होता. "एका गोणीने काय सिद्ध होतं? किसन काय एकच गोणी उचलत होता?" असं म्हणून ते परत ट्रककडे निघाले.

दुसरी गेली. तिसरी गेली. मग साहेबांचं बोलणं बंद झालं. नुसता श्वास ऐकू यायला लागला. वरच्या गोण्या संपून खालच्या थराला हात घालायची वेळ आली, तेव्हा अडचण अशी झाली की खोक्याभोवती चारी बाजूंनी जागा असते, ट्रकमध्ये नसते. खालची गोणी दोन गोण्यांच्या मध्ये रुतलेली. ती ओढायची, फिरायचं, मग उचलायचं. साहेबांनी ओढली, फिरले, पावलं जुळवली, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, गोणी छातीशी घेतली. उठायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

आम्हाला वाटलं, श्वास घेतायत. ते श्वास घेत नव्हते. खुर्चीत बसल्यासारखे होते, फक्त खाली खुर्ची नव्हती. तोंड पांढरंफटक.

"साहेब?" मी म्हटलं.

"उठता येत नाहीये," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

दोघांनी धावत जाऊन गोणी काढून घेतली. साहेब तसेच राहिले. प्लांट हेड पुढे आला आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "होतं सर, होतं. तुम्हाला सवय नाही. घाईत पद्धत चुकली असेल तुमची. किसनचंही हेच झालं असणार."

झालं! त्या वाक्याने जे केलं ते कोणत्याही औषधाने केलं नसतं. साहेबांचे डोळे लाल झाले.

"माझी पद्धत? माझी पद्धत चुकली? इकडे या. बघा. गुडघे कुठे आहेत माझे?"

प्लांट हेड बघू लागला.

"तुम्ही नका बघू, तुम्हाला काय कळतंय? हे बघतील." त्यांनी लोडिंगवाल्यांना जवळ बोलावलं. त्याच अवस्थेत, हलता येत नसताना, त्यांनी सोमवारचा वर्ग घेतला. "पावलांत अंतर?"

"बरोबर हाय साहेब."

"पाठ सरळ?"

"सरळ हाय."

"वजन शरीराजवळ होतं?"

"छातीला चिकटून होतं."

"मग चुकलं काय?"

साहेबच म्हणाले, "मी चुकलेलो नाही. मी चुकूच शकत नाही. पद्धत बरोबर होती. गोणी चुकीची आहे." आणि माझ्याकडे मान वळवायचा प्रयत्न करत, "मॅडम, लिहा! गोणी चुकीची आहे!"

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं ठसठशीत कधी आलं नसेल.

त्यांना उचलून न्यायचं होतं. स्ट्रेचर सापडेना, म्हणून गोण्या रचायची लाकडी पॅलेट आणली, त्यावर गोणपाटं घातली आणि त्यांना आडवं केलं. चार लोडिंगवाले चार कोपऱ्यांना उभे राहिले. कोणीही सांगितलं नव्हतं, पण चौघांनी पावलं जुळवली, श्वास भरला आणि एकजण ओरडला, "गुडघे!" पॅलेट अलगद वर आली. साहेबांच्या गालावर, दुखत असतानाही, एक समाधान पसरलं. मग ते कसल्याशा विचारात पडले.

"थांबा," पॅलेटवरून आवाज आला. "मला किती जणांनी उचललंय?"

"चौघांनी."

"कोणाची कंबर दुखतेय?"

"नाय बा."

"आणि गोणी किती जण उचलतात?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. मी पॅलेटच्या बाजूने चालत होते. साहेब वर आभाळाकडे बघत पडले होते आणि त्यांच्या कानाकडे पाणी ओघळत होतं. मला वाटलं, कळ आली. ते हळूच म्हणाले, "मॅडम, म्हणजे बाबांचं पण चुकलं नव्हतं."

मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

पुढे प्लांट हेडची फार पंचाईत झाली. साहेबांची पद्धत चुकीची म्हणावं, तर सगळ्या कंपनीला इतकी वर्षं दिलेलं प्रशिक्षण चुकीचं, आणि त्यावर त्याच्याही सह्या. पद्धत बरोबर म्हणावं, तर गोणी चुकीची. त्याने दोन दिवस विचार करून गोणी चुकीची ठरवली आणि त्याचा दोष गोण्या पाठवणाऱ्यांवर ढकलला. किसनच्या नावापुढचा निष्काळजीपणा निघाला, गेटपास राहिला. निम्म्या वजनाच्या गोण्या यायला लागल्या. पहिल्याच दिवशी ठेकेदार म्हणाला, "हलक्या झाल्या ना? मग आता दोन-दोन उचला." हे कोणीतरी मांजर्लीला फोन करून कळवलं. साहेबांनी अंथरुणातून प्लांट हेडला फोन लावला आणि सांगितलं, की मी आत्ता पॅलेटवरून येतो आणि दोन-दोन उचलून दाखवतो. त्या धमकीनंतर गोदामात साखळीचं विजेवर चालणारं उचलयंत्र बसलं. मुख्य ऑफिसातून अभिनंदन आलं, ते प्लांट हेडला. साहेब काही परत कामावर आले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीने तो खोका उघडून बघितला आणि त्यात काहीच नाही म्हणून भंगारात दिला. कणा मी मागून घेतला. सोंगटीसकट माझ्या कपाटावर आहे.

मागच्या श्रावणात एका सोमवारी मी शिवमंदिरात गेले होते. तिथे गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्यांच्या तोंडाशी साहेब उभे. हातात काठी. शेजारी किसन. त्यानेच त्यांना आणलं होतं.

"खाली नाही गेलात?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय," साहेब म्हणाले. "देवाला इथूनच कळवलंय."

"आणि तू रे?" मी किसनला विचारलं.

"मना पन नको सांगितलाय, ताई." किसन आता उचलयंत्रावर असतो, दिवसभर बटण दाबतो. कंबर कशी आहे विचारलं तर म्हणाला, "कंबर बरी हाय. आता आंगठा दुखतो."

साहेबांचे कान टवकारले. "अंगठा? बटण कसं दाबतोस, दाखव बरं. त्याची एक पद्धत असते."

किसनने हवेत बटण दाबून दाखवलं. साहेब त्याचा अंगठा हातात घेऊन समजवायला लागले आणि त्या नादात त्यांची काठी निसटून दगडी फरशीवर पडली.

दोघांनी काठीकडे बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं. गुरूलाही वाकता येत नव्हतं आणि आदर्श पाठीलाही. मला हसू आलं. मी पटकन पुढे झाले आणि वाकून काठीला हात घातला.

"मॅडम, गुडघे!"

सगळं देऊळ दचकलं. बेल विकणारी बाई उठून उभी राहिली.

मी काठी परत खाली ठेवली. दोन पावलांत अंतर घेतलं, श्वास भरला, पाठ सरळ ठेवली आणि गुडघ्यांतून वाकून ती उचलली. साहेब समाधानाने मान हलवत होते, आणि ते बघून किसनही.